कानांचं कॉलेज

मुलांनो,

आधी एक छोटंसं काम करा. हा अंक मांडीवर ठेवा, डोळे मिटा आणि मनातल्या मनात पन्नासपर्यंत मोजा. मोजताना कानांवर काय काय पडतं, ते फक्त ऐका. चला, करा सुरुवात. मी थांबते.

झालं? आता सांगा बघू, किती आवाज ऐकू आले? पंखा असेल, कुकरची शिट्टी असेल, रस्त्यावरची मोटारसायकल असेल. पण सगळ्यांत लांबचा आवाज कुठला होता? सगळ्यांत बारीक कुठला? एखादा आवाज मध्येच बंद पडला आणि मगच 'अरेच्चा, हा इतका वेळ चालू होता की!' असं वाटलं का?

हसू नका हं! अशाच तऱ्हेचे धडे मोठमोठ्या मुलांना चक्क विद्यापीठात देतात. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात मरी शेफर नावाचे एक संगीतकार शिकवत असत. १९६७ साली त्यांचं एक लहानसं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याच्या नावाचा अर्थ 'कानांची साफसफाई'! संगीत रचण्याआधी ऐकायला शिका, असा त्यांचा आग्रह होता.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना आज हे कुठून सुचलं? त्याला कारण आहे माझा एक जुना विद्यार्थी. चौथीत माझ्या वर्गात होता. बाकावर बोटांनी सतत ताल धरायचा. आता बारावीत आहे. मध्यंतरी एका शनिवारी शाळा सुटताना तो आणि त्याचे वडील फाटकाशी उभे. वडील टेम्पो चालवतात, मोजकं बोलतात. ते म्हणाले, "बाई, हा म्हणतो मला कॉम्प्युटरवर संगीत करायचं, आवाजाचं शिक्षण घ्यायचं. मोबाइलवर फुकट मिळतं की हो ते सगळं! मग कॉलेजात शिकवतात तरी काय? आणि तीन-चार वर्षं घालवून पोराच्या हाती काय येणार?"

प्रश्न अगदी रास्त होता. घरात कमावणारा माणूस एकच असेल, तर तो विचारणारच. मी त्यांच्याकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसले. जे हाती लागलं, ते आज तुम्हांला आणि तुमच्या आईबाबांनाही सांगते.

पहिली गोष्ट अशी, की संगणकाला आवाज म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. त्याला कळतात फक्त आकडे. आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. ते थरथरणं दर क्षणाला किती आहे, हे मोजून लिहीत गेलं की आवाजाचे आकडे तयार होतात. तेच आकडे उलट वाटेने स्पीकरला दिले की त्याचा पडदा तस्साच थरथरतो आणि आवाज परत मिळतो. आपल्या कानाला सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंत कंपनं असलेले आवाज ऐकू येतात. कंपन नीट पकडायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. म्हणून गाण्याच्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. डाव्या कानाचे वेगळे, उजव्या कानाचे वेगळे. आता वही काढा आणि तीन मिनिटांच्या गाण्याचा हिशोब करा. उत्तर येतं १,५८,७६,०००. एक कोटी अठ्ठावन्न लाख शहात्तर हजार आकडे!

ही युक्ती वापरून संगणकाला पहिल्यांदा 'वाजवलं' ते अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी. ते होते अभियंता, पण व्हायोलिन हौसेने वाजवायचे. १९५७ साली त्यांनी 'म्युझिक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि आयबीएमच्या एका अजस्र संगणकाने १७ सेकंदांची एक रचना वाजवली. फक्त १७ सेकंद! आणि ती काही फारशी गोडही नव्हती. पण मॅथ्यूज यांना त्यातलं मर्म दिसलं. आकडे आपल्या हातात आहेत, तर माणसाला ऐकू येईल असा कुठलाही आवाज आपण बनवू शकतो. मात्र नेमके कुठले आकडे लिहायचे, हे कोण सांगणार? तिथे यंत्र गप्प बसतं. तिथे हवा माणसाचा कान.

असा एक कान भेटला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. त्याचं नाव जॉन चाउनिंग. हा तालवाद्यं वाजवणारा, संगीतरचना शिकणारा तिशीला टेकलेला विद्यार्थी. १९६४ साली वाद्यवृंदातल्या एका सहवादकाने त्याला मॅथ्यूज यांचा एक लेख आणून दिला. एका विज्ञान-साप्ताहिकात छापलेला. तोपर्यंत चाउनिंगने संगणक डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता! पण लेख वाचून तो प्रोग्रॅमिंगच्या वर्गात जाऊन बसला. मग उन्हाळ्यात थेट मॅथ्यूज यांना भेटायला गेला आणि येताना भोकं पाडलेल्या कार्डांचं एक खोकं घेऊन आला. त्या काळी प्रोग्रॅम असाच कार्डांवर साठवत. पण ती कार्डं स्टॅनफर्डच्या संगणकावर चालवायची कशी? मदतीला धावून आला डेव्हिड पूल नावाचा, त्याच्याहून वयाने लहान असलेला एक विद्यार्थी. एकाला संगीत येत होतं, दुसऱ्याला संगणक. दोघं एकमेकांचे शिक्षक झाले.

पुढे १९६७ साली एक गंमत झाली. तुम्ही पाहिलंय ना, गाणारा माणूस सूर लांबवताना तो हलकेच खाली-वर डोलवतो? व्हायोलिनवादकाचं बोटही तारेवर असंच डोलतं. हा हेलकावा सेकंदाला पाच-सहा वेळा होतो आणि आपल्याला तो वेगळा ओळखू येतो. चाउनिंगने संगणकाच्या सुराला असाच हेलकावा दिला. मग तो वाढवला. अजून जलद, अजून मोठा. माणसाच्या गळ्याला किंवा बोटाला कधीच जमणार नाही इतका. एका टप्प्यावर हेलकावा ऐकू येईनासा झाला आणि सुराचा रंगच पालटून गेला!

सायकलचं चाक आठवा. हळू फिरलं की आरे एकेक दिसतात. जोरात फिरलं की आरे दिसेनासे होतात आणि तिथे चकचकीत तबकडी दिसते. थोडंफार तसंच झालं. फक्त दोन साध्या सुरांतून, म्हणजे एक वाजणारा आणि दुसरा त्याला हलवणारा, अशी जोडी लावून कधी पितळी भोंग्यासारखा, कधी लाकडी वाद्यासारखा आवाज निघू लागला. दोघांच्या वेगाचं गुणोत्तर १ ला १, १ ला २ असं पूर्ण अंकांचं ठेवलं की स्वच्छ सूर. १ ला १.४ असं ठेवलं की चक्क घंटा! पाहिलंत? गणिताच्या पुस्तकातलं गुणोत्तर आता ऐकूसुद्धा आलं.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, हे त्यांना चुकून सापडलं का हो?" मी म्हटलं, हेलकावा कुणीही वाढवला असता. पण इथे काहीतरी नवं घडलंय, हे कळायला घासून तयार झालेला कान लागतो.

पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. चाउनिंग त्याच विद्यापीठात शिकवू लागले होते. पण विद्यापीठाने त्यांना कायमची नेमणूक नाकारली! अमेरिकेतल्या वाद्यकंपन्यांनाही त्यांच्या शोधात रस वाटला नाही. मात्र जपानच्या यामाहा कंपनीच्या अभियंत्याला त्याचं मोल कळलं. बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर १९८३ साली 'डीएक्स ७' नावाचं वाद्य बाजारात आलं आणि जगभर गाजलं. आईबाबांना विचारा, त्यांच्या लहानपणच्या कितीतरी गाण्यांत असे चमचमते सूर ऐकू यायचे. तोवर विद्यापीठाने चाउनिंगना परत बोलावून घेतलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्याला तिथे संगणक-संगीताचं केंद्रच उभं केलं. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून जो शब्द होतो, त्याचा उच्चार काय करतात ठाऊक आहे? 'कर्मा'! आजही तिथे संगीतकार, अभियंते आणि मानसशास्त्राचे अभ्यासक एकाच छपराखाली शिकतात.

आणि आपल्याकडे? आपल्याकडेही असं एक पान आहे, आणि ते वाचून मला हुरहुर लागली. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला. डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने 'मोग' हे यंत्र तिथे बसवून दिलं. ते यंत्र संगणक नव्हतं, पण विजेने नवे आवाज घडवणारं होतं. चाउनिंगच्या शोधाला तेव्हा जेमतेम दोनच वर्षं झाली होती. म्हणजे आपण फार मागे नव्हतो! गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथे अनोख्या रचना केल्या. पण काही वर्षांतच स्टुडिओ थंडावला. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. कित्येक दशकांनी पॉल पर्गस या संगीतकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना जगाला ऐकायला मिळाल्या.

यंत्र दोन्हीकडे होतं. हुशार माणसंही दोन्हीकडे होती. पण एकीकडे शिकणाऱ्यांनी पुढच्यांना शिकवलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. दुसरीकडे अशी साखळी तयार झालीच नाही. त्या टेम्पोवाल्या बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. यंत्र विकत मिळतं, हल्ली तर फुकटही मिळतं. पण आवाज कसा ऐकायचा, हे माणसाकडून माणसाकडे जातं. विद्यापीठ हवं ते एवढ्यासाठी.

मग तिथे शिकवतात काय? थोडक्यात सांगते. आवाज भिंतीवर आपटून परत कसा येतो, खोलीत कसा घुमतो, याचं शास्त्र. सूर आणि त्यांचे रंग ओळखायचा सराव. आपल्याकडे गुरुजी तानपुऱ्यापाशी बसवून कान तयार करून घेतात, त्यातलाच प्रकार. संगणकाला आज्ञा कशा लिहायच्या, हेही असतं. त्यासाठीच्या एका प्रसिद्ध साधनाचं नाव 'मॅक्स' आहे, मॅक्स मॅथ्यूज यांच्याच नावावरून ठेवलेलं. ते मूळ बनवणाऱ्या मिलर पकेट यांनी पुढे 'प्युअर डेटा' नावाचं दुसरं साधन लिहिलं, ते कुणालाही फुकट वापरता येतं. शिवाय संगीतरचना, ध्वनिमुद्रण, आणि चित्रपट, नाटक, खेळ यांच्यासाठी आवाज घडवणं. यालाच ध्वनिरचना म्हणतात.

ध्वनिरचनेत तर धमाल असते. 'स्टार वॉर्स' हा १९७७ सालचा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातल्या प्रकाशाच्या तलवारीची ती गुणगुण! तशी तलवार जगात नाही, मग आवाज आला कुठून? बेन बर्ट नावाच्या, तेव्हा नुकतंच विद्यापीठात शिकलेल्या तरुणाने एका जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीजवळ माइक नेल्यावर येणारी गुणगुण एकत्र केली. झाली तलवार! घोड्यांच्या टापा तर नारळाच्या दोन करवंट्यांनीही निघतात. आई भजी तळत असेल तेव्हा डोळे मिटून ऐका, पावसाची सर आल्यासारखं वाटतं की नाही?

आमच्या वर्गानेही एक प्रयोग केला. आमच्या शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. तिचे टोल मी मोबाइलवर मुद्रित केले. ते निम्म्या वेगाने वाजवले तर बरोबर एक सप्तक खाली आले, आणि मुलं ओरडली, "देवळातली मोठी घंटा!" मग मी टोलाचा सुरुवातीचा 'ठण्' तेवढा कापून टाकला आणि मागचा घुमार ठेवला. आता कुणालाच ओळखेना. एकजण म्हणाला, "पेटी आहे!" एरवी कधी तोंड न उघडणारी एक मुलगी मागून म्हणाली, "बाई, आवाजाचं डोकं कापलंत, नुसतं शेपूट ठेवलंत." मी थक्कच झाले. १९४८ च्या सुमाराला पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या प्येर शेफर यांनी अगदी हाच प्रयोग केला होता. (नाव पुन्हा शेफरच, पण हे वेगळे बरं का!) आवाज आपण ओळखतो तो पुष्कळदा त्याच्या पहिल्या क्षणावरून, हे त्यातून त्यांना उमगलं. आमच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीला ते शेपटाच्या भाषेत उमगलं, इतकंच.

आता आईबाबांसाठी चार शब्द. हे शिक्षण आपल्याकडेही आहे. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर, जिथे एके काळी प्रभात फिल्म कंपनी होती, तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचना हा विषय पदवीनंतर शिकता येतो. केरळातल्या एका लहानशा गावातून आलेले रसूल पुकुट्टी इथूनच १९९५ साली शिकून बाहेर पडले आणि २००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसह त्यांना ऑस्कर मिळालं. चेन्नईला ए. आर. रेहमान यांनी २००८ साली संगीतसंस्था सुरू केली, तिथेही संगीताचं तंत्रज्ञान शिकवतात. प्रवेशाचे नियम आणि फी बदलत असतात, ती त्या त्या संस्थेकडूनच विचारून घ्यावी. परदेशातल्या विद्यापीठांचा खर्च मोठा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि यातला प्रत्येकजण काही ऑस्कर घेऊन येत नाही. पण चित्रपट, रेडिओ, संगणकावरचे खेळ, ऐकू न येणाऱ्यांसाठीची श्रवणयंत्रं, अशा अनेक ठिकाणी घडवलेला कान कामाला येतो.

पंधरा दिवसांनी बापलेक पुन्हा आले. मी हे सगळं सांगत होते, बाबा मान खाली घालून ऐकत होते. मध्येच मुलगा म्हणाला, "बाई, आमचे बाबा सकाळी टेम्पो चालू केला की नुसत्या आवाजावरून सांगतात, आज पट्टा ढिला झालाय. गॅरेजवाल्याला बॉनेट उघडूनही कळत नाही." बाबा ओशाळून म्हणाले, "त्यात काय एवढं! रोज ऐकतो ना, म्हणून कळतं." मी म्हटलं, "अहो, हाच तर त्या कॉलेजातला पहिला धडा. तुमच्या मुलाचे कान तुमच्याकडूनच आलेत."

ते काही लगेच हो म्हणाले नाहीत. बराच वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत उभे राहिले. मग म्हणाले, "आधी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. कर. फिजिक्स घे, गणित सोडू नकोस. पुण्याचं तीन वर्षांनी बघू." मुलाचा चेहरा थोडा पडला, पण मला वाटतं, हा सल्ला वाईट नव्हता. तीन वर्षांनी काय होईल, ते आज मला सांगता येणार नाही. फी जमेल का, प्रवेश मिळेल का, तोवर त्याची ओढ टिकेल का, सगळंच पुढचं. पण त्या संध्याकाळी बाबांनी जाता जाता त्याला विचारलं, "तुझ्या त्या मोबाइलात आपल्या गाडीचा आवाज घेता येईल का रे?" माझ्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नव्हती.

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे या वाटेला जाल, कुणी जाणार नाही. पण कान तर सगळ्यांनाच आहेत. म्हणून या आठवड्याचा गृहपाठ असा. एक जुनी वही घ्या आणि तिच्यावर 'आवाजांची वही' असं नाव घाला. रोज एक नवा आवाज टिपा. तो कुठून आला, जाड होता की बारीक, एकदम आला की हळूहळू, त्याचं शेपूट लांब होतं की आखूड, हे सगळं लिहा. आवाजाला शब्द सापडला नाही तर स्वतः बनवा, कुणी रागावणार नाही. आणि सातव्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, "तुम्हांला कुठला आवाज नुसता ऐकून ओळखता येतो?" आजी भाकरी भाजली गेली की नाही, ते आवाजावरून सांगेल. काका मोटरपंपाला पाणी लागलं की नाही, ते सांगतील. त्यांचीही उत्तरं वहीत उतरवून घ्या.

सात दिवस, सात पानं. लागा कामाला!

तुमच्या,
बाई